गळणारी खिडकी, कारागिराची जबाबदारी आणि आपला हक्क

घर बांधताना माणसाला शरीअतचे जितके प्रश्न पडायला हवेत, तितके पडत नाहीत. कर्ज व्याजाचे आहे का, किब्ल्याची दिशा कोणती, वास्तूत प्रवेश करताना काय पढावे, हे आपण आवर्जून विचारतो. परंतु नव्या घराच्या नव्या खिडकीतून पहिल्याच पावसात पाणी आत आले, तर ती बसवणाऱ्याकडून काय मागता येते, कधी मागावे आणि किती मागावे, हा प्रश्न घेऊन मशिदीत क्वचितच कोणी येतो. एक तर तो रस्त्यावर भांडून मिटवला जातो, किंवा "जाऊ द्या, सब्र करू" असे म्हणून सोडून दिला जातो. फिकहच्या किताबांत मात्र याच प्रश्नासाठी प्रकरणेच्या प्रकरणे लिहिलेली आहेत. तेथे खिडकी नसेल, कापड शिवणारा शिंपी असेल, कापड धुणारा धोबी असेल, ओझे वाहणारा हमाल असेल. मसला तोच आहे.

कडाव, कर्जत, खालापूर हा आपला मुलूख सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. येथे जून ते सप्टेंबर पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. जुन्या घरांना खोल पडवी होती, लाकडी चौकटी होत्या, आणि पावसाळ्यापूर्वी झडी बांधण्याची रीत होती. आता पडवी गेली, छज्जा वीतभर उरला आणि खिडकी अ‍ॅल्युमिनियमची किंवा यूपीव्हीसीची सरकती झाली. अशा खिडकीत चूक राहिली तर ती लपत नाही. गिलावा फुगतो, भिंतीला बुरशी धरते, बोर्डात पाणी शिरते, आणि घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याचे हाल होतात. म्हणून हा प्रश्न क्षुल्लक समजू नये.

प्रथम सब्रविषयी. हक्क मागणे हे सब्रच्या विरुद्ध आहे, अशी एक समजूत आपल्यात रुजली आहे आणि ती किताबांत कोठेही सापडत नाही. सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्हींमध्ये आलेली हदीस आपण ऐकली असेल: एक मनुष्य प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आपले येणे मागावयास आला आणि कठोर शब्दांत बोलला. सहाबा (रजि.) त्याच्यावर धावून जाऊ लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले आणि ज्याचा हक्क आहे त्याला बोलण्याचा अधिकार आहे, असे सांगितले, मग त्याच्या उंटापेक्षा चांगला उंट त्याला देवविला. सूरह निसाच्या १४८ व्या आयतीत वाईट गोष्ट उघडपणे बोलणे अल्लाहला नापसंत असल्याचे सांगताना ज्याच्यावर जुलूम झाला आहे त्याला अपवाद केले आहे. हजरत हिंद (रजि.) यांनी आपले पती अबू सुफियान (रजि.) यांच्या हात आखडण्याची तक्रार प्रेषितांसमोर (स.) केली, त्यांना कोणी गीबत करणारी म्हटले नाही, उलट मार्ग सांगितला गेला. याच आधारावर इमाम नववी (रह.) यांनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये ज्या सहा प्रसंगी एखाद्याचा दोष सांगणे जायज आहे असे लिहिले, त्यांत पहिला प्रसंग हाच आहे: जुलूम झालेल्याने न्याय देऊ शकणाऱ्यापुढे तक्रार मांडणे.

मात्र "न्याय देऊ शकणाऱ्यापुढे" हे शब्द सोडू नका. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कारागिराचा फोटो टाकून त्याला चोर म्हणणे या परवानगीत बसत नाही. त्या गटातील दोनशे माणसांपैकी एकही आपली खिडकी दुरुस्त करणार नसतो. शेजारी त्याच माणसाकडून काम करून घेणार असेल आणि त्याने विचारले, तर खरे तितके सांगावे. तो सल्ला आहे, आणि सल्ल्यात खरे बोलणे ही अमानत आहे.

आता मूळ मसल्याकडे वळू. फकीहांनी मजुरीवर काम करणाऱ्यांचे दोन वर्ग केले आहेत आणि सगळी जबाबदारी या भेदावर उभी आहे. पहिला 'अजीर खास': ज्याचा वेळ आपण घेतला. सकाळी नऊ ते सहा रोजावर आलेला गवंडी किंवा मजूर. तो आपल्या सांगण्याप्रमाणे हात चालवतो, मजुरी त्याला दिवसाची मिळते, आणि हेतुपुरस्सर किंवा निष्काळजीपणे नुकसान केल्याशिवाय त्याच्यावर भरपाई येत नाही. दुसरा 'अजीर मुश्तरक': ज्याचे काम आपण घेतले, वेळ नव्हे. तो एकाच वेळी दहा जणांची कामे घेतो, उक्ते ठरवतो, कसे करायचे ते त्याचे तो पाहतो. खिडक्या बनवून बसवून देणारा फॅब्रिकेटर या दुसऱ्या वर्गातला आहे. हनफी फिकहच्या 'हिदाया'मध्ये स्पष्ट आहे की अशा कारागिराच्या स्वतःच्या कामामुळे जे बिघडले त्याची भरपाई त्याच्यावर आहे: धोब्याने आपटताना कापड फाडले, हमाल घसरला, ओझे बांधलेली दोरी तुटली. त्याने मुद्दाम केले नाही, एवढ्याने तो सुटत नाही. शाफई फकीह येथे थोडे सावध आहेत. ते कारागिराची चूक किंवा कसूर दाखवावयास सांगतात. परंतु कसूर दिसून आल्यावर जबाबदारीबद्दल मतभेद उरत नाही. हजरत अली (रजि.) कारागिरांना भरपाईस जबाबदार धरीत आणि याशिवाय लोकांचे व्यवहार सुधारणार नाहीत असे म्हणत, अशीही एक रिवायत आहे.

विशेष म्हणजे आपल्या देशाचा ग्राहक संरक्षण कायदाही जवळजवळ याच जागी रेघ ओढतो. २०१९ च्या या कायद्यात 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येतून व्यक्तिगत सेवेचा करार वगळला आहे, म्हणजे जो माणूस आपल्या हुकमतीखाली नोकरासारखा काम करतो तो. उक्ते काम घेणारा मात्र सेवा देणारा ठरतो. घर बांधून देणे ही ग्राहक कायद्याखाली 'सेवा' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात १९९३ मध्येच ठरवले. म्हणून तक्रार करण्यापूर्वी स्वतःला विचारा: मी या माणसाचा दिवस घेतला होता की काम? सामान आपणच खोपोलीहून आणले, रोजावर एक मिस्त्री बोलावला आणि "येथे बसव, असे बसव" असे सांगत राहिलो, तर दोष पुष्कळ अंशी आपल्या पदरी येतो. आणि फॅब्रिकेटरने पाठवलेली जी दोन पोरे शिडीवर चढून सिलिकॉन भरतात, ती त्याची अजीर खास आहेत. त्यांच्यावर ओरडू नये. आपला करार त्यांच्याशी नाही.

करार कोणता, हेही पाहिले पाहिजे. माप सांगून, रंग सांगून, वस्तू बनवून घेणे याला फिकहमध्ये 'इस्तिस्ना' म्हणतात. उस्मानी काळात १८६९ ते १८७६ या वर्षांत तयार झालेल्या 'मजल्ला' या कायदेसंग्रहाने इमाम अबू यूसुफ (रह.) यांचे मत घेऊन असे ठरवले की एकदा इस्तिस्ना ठरल्यावर कोणालाही मागे फिरता येत नाही, मात्र वस्तू ठरलेल्या वर्णनाप्रमाणे नसेल तर बनवून घेणाऱ्याला ती नाकारण्याचा अधिकार आहे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९२ मध्ये जिद्द्यातील बैठकीत याच दिशेने ठराव केला. वस्तूचा प्रकार, परिमाण व गुण आणि देण्याची मुदत या गोष्टी ठरलेल्या असाव्यात, असे त्यात म्हटले आहे. उशिराबद्दल भरपाईचे कलम करारात घालण्यासही परवानगी आहे, अटळ संकटाचा अपवाद ठेवून. कोकणी मुस्लिम घराणी बहुतांशी शाफई आहेत. शाफई फिकहमध्ये इस्तिस्नाला स्वतंत्र करार मानलेले नाही, त्याला सलमच्या अटी लागतात आणि सलममध्ये सर्व किंमत त्याच बैठकीत द्यावी लागते. विसार देऊन बाकी हप्त्याने देण्याची आजची पद्धत या चौकटीत बसत नाही, म्हणून शाफई वाचकांनी करार करण्याआधीच आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. दोन्ही बाजूंचा एक मुद्दा समान आहे: वर्णन जितके नेमके, तितका वाद कमी.

आणि आपले वर्णन कसे असते? "चार फुटांची स्लायडिंग, चांगली बसव." यात सेक्शनची जाडी नाही, काचेची जाडी नाही, दोन ट्रॅक की जाळीसह तीन हे नाही, चौकटीभोवती बाहेरून सिलिकॉन भरायचे की नाही हे नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे आणि ती कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. तरी आपण दीड लाखाचे काम सिगारेटच्या पाकिटामागे लिहितो. त्याहून वाईट म्हणजे अठरा टक्के जीएसटी वाचवण्यासाठी "पक्के बिल नको" असे ग्राहकच सांगतो. कायद्याने लागू असलेला कर चुकवण्यात तो कारागिराचा भागीदार होतो, आणि पाणी गळू लागले की हातात कागद नसतो. तशा स्थितीतही यूपीआयची नोंद, मोबाइलवरील संदेश, मापांचा फोटो, सामान आणलेल्या टेम्पोची पावती हे पुरावे म्हणून उपयोगी पडतात. परंतु सरळ मार्ग सोडून आडवळणाने जाण्याची ही शिक्षा आपणच ओढवून घेतलेली असते.

दोष दिसल्यावर पुढे काय? 'खियारे ऐब', म्हणजे दोषामुळे मिळणारा निवडीचा अधिकार, हा करारात लिहिलेला नसला तरी असतोच. उक्बा बिन आमिर (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस इब्ने माजामध्ये आहे, तिचा आशय असा की दोष न सांगता वस्तू आपल्या भावाला विकणे मुसलमानाला हलाल नाही. धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलेपणा प्रेषितांनी (स.) उघड केला, तो प्रसंग तर सर्वांना माहीत आहे. पण या अधिकाराला वेळेचे बंधन आहे. शाफई मतानुसार दोष कळताच, रीतसर जितक्या लवकर शक्य असेल तितक्या लवकर, तो कळवावा लागतो. हनफी मतात तेवढी घाई नाही. तथापि दोष कळल्यावरही राजीखुशी दाखवणारे वर्तन केले, तर अधिकार जातो. जुलैत पाणी आले, दिवाळीत त्याच खिडकीला पडदे लावले, पुढच्या जूनमध्ये पुन्हा पाणी आले तेव्हा तक्रार केली, तर "तुम्ही वर्षभर काही बोलला नाहीत" या कारागिराच्या उत्तरात शरीअतच्या दृष्टीनेही वजन आहे.

आणखी एक बारकावा. दोषी वस्तू परत करून पैसे घेणे हा मूळ नियम आहे. पण भिंतीत पक्की झालेली खिडकी उचकटली तर गिलावा, कडप्पा सारेच फुटते. यालाही किताबांत उदाहरण आहे: कापड विकत घेतले, कापून शिवले आणि मग त्यात दोष सापडला. आता ते परत जात नाही. ग्राहकाला दोषामुळे कमी झालेल्या किमतीइतकी रक्कम परत मिळते. बसवलेल्या खिडकीचा हिशेब याच धर्तीवर करता येतो: दुरुस्त होत असेल तर दुरुस्ती, होत नसेल तर किमतीतील फरक. सेक्शन पातळ चालेल असे स्वस्तासाठी आपणच सांगितले असेल, तर त्या पातळपणाची तक्रार मात्र उरत नाही. तो दोष आपण जाणून घेतलेला आहे.

येथे थांबून एका गोष्टीवर अधिक बोलणे अवश्य आहे, कारण तिच्यातच बहुतेक लोक चुकतात. पाणी खिडकीतून आले म्हणजे खिडकीवाल्याची चूक, असे नेहमी नसते. सूरह निसाच्या १०५ व्या आयतीपासून पुढील आयतींच्या नुजूलविषयी मुफस्सिरांनी सांगितलेला प्रसंग आठवा. मदीनेत चोरी झाली, चिलखत एका यहुदी माणसाच्या घरी सापडले, आणि खऱ्या चोराचे नातलग आपल्या माणसाची बाजू घेऊन उभे राहिले. वही आली ती त्या यहुदी माणसाला निर्दोष ठरवणारी. निरपराधावर आपले ओझे टाकणे कुरआनने उघड गुनाह म्हटले आहे. आपल्या तालुक्यात गवंडी एका समाजाचा असतो, फॅब्रिकेटर दुसऱ्याचा, रंगारी तिसऱ्याचा. आपल्या बिरादरीचा असेल त्याची चूक झाकायची आणि परक्याच्या नावे पावती फाडायची, ही सवय अनेकांना आहे. इन्साफ जात आणि धर्म पाहून बदलत नाही. सूरह माइदाच्या आठव्या आयतीत एखाद्या लोकसमूहाचे वैरही आपल्याला अन्यायाकडे नेऊ नये असे बजावले आहे.

म्हणून तपास करा. सरकत्या खिडकीच्या बाहेरच्या ट्रॅकमध्ये जोराच्या पावसात थोडे पाणी साचणे हा दोष नव्हे; ते बाहेर जाण्यासाठी खालच्या पट्टीला भोके असतात. ती भोके पाडलीच नसतील, आतल्या बाजूला पाडली असतील किंवा सिमेंटने बुजली असतील, तर पाणी ट्रॅक ओलांडून आत येते. पहिले दोन दोष फॅब्रिकेटरचे, तिसरा बहुधा गवंड्याचा. चौकट आणि गिलावा यांच्या सांध्यातून पाणी येत असेल तर बाहेरचे सिलिकॉन पाहा. खिडकीखालच्या कडप्प्याचा उतार आत असेल, छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल, किंवा खिडकीच्या वरच्या भिंतीला चीर असेल, तर खिडकी कितीही उत्तम असली तरी गळणार, आणि तेथे दोष बांधकामाचा आहे. ओळंबा आणि पाणसळ लावून चौकट सरळ आहे का ते बघा. कोरड्या दिवशी पाइपने पाणी मारून पाहण्याची सोपी युक्ती आहे: आधी फक्त कडप्प्यावर दहा मिनिटे, मग बाजूच्या सांध्यांवर, मग वरच्या सांध्यावर, सर्वांत शेवटी वरच्या भिंतीवर. खालून वर जायचे, म्हणजे पाणी नेमके कोणत्या टप्प्यावर आत आले ते कळते. हे करताना कारागिराला बोलवावे. त्याच्या डोळ्यांदेखत दिसले की निम्मा वाद तेथेच संपतो. मोठी रक्कम गुंतली असेल तर एखाद्या इंजिनिअरकडून तारीख घालून लेखी अहवाल घ्या; पुढे तोच कामास येतो.

यानंतर लेखी कळवा. फोनवर दहा वेळा बोललेले कोणाच्या स्मरणात राहत नाही. मजकूर साधा असावा, असा:

"आपण मार्च महिन्यात माझ्या घरी सहा सरकत्या खिडक्या बसवल्या. ठरलेल्या रकमेपैकी इतके रुपये मी दिले असून इतके देणे बाकी आहे. जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून पश्चिमेकडील दोन खिडक्यांतून पाणी आत येत आहे. अमुक तारखेला आपल्यासमोर पाणी मारून पाहिले असता ते चौकटीच्या खालच्या सांध्यातून येत असल्याचे दिसले. कृपया पंधरा दिवसांत या दोन खिडक्या दुरुस्त करून द्याव्यात. दुरुस्ती झाल्यावर बाकी रक्कम देण्यात येईल. फोटो सोबत जोडले आहेत."

यात शिवी नाही, धमकी नाही, आणि चार खिडक्या चांगल्या असताना सहाही खराब असल्याचा आव नाही. स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा.

बाकी रक्कम रोखण्याविषयी दोन शब्द. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी देण्याचा हुकूम आहे, आणि काम पुरते करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी असेल, असे बुखारीतील हदीसमध्ये आले आहे. त्याचवेळी फकीह म्हणतात की शिंप्याला शिवण पूर्ण झाल्याशिवाय मजुरी मागता येत नाही. या दोन्हींचा मेळ असा घालावा: जे काम अपुरे किंवा बिघडलेले आहे त्याच्या मोबदल्याइतके रोखणे रास्त आहे, दोन खिडक्यांच्या निमित्ताने सहा खिडक्यांचे पैसे दाबून ठेवणे म्हणजे आपणच जालिम होणे.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर आधी दोन्ही बाजूंना मान्य असा एखादा जाणता माणूस मध्ये घाला. सुलह हे पहिले द्वार आहे. जमातच्या बैठकीचा उपयोग होतो, मात्र समोरचा मुसलमान नसेल तर आपल्या जमातने बोलावून त्याच्यावर दडपण आणू नये. गावातील ज्याच्या शब्दाला तोही मान देतो असा माणूस निवडावा.

तेही साधले नाही, तर ग्राहक आयोग. न्यायालयाची पायरी चढणे इज्जतदार माणसाला शोभत नाही, असे आपल्या वडीलधाऱ्यांना वाटत असे. पण खुद्द हजरत अली (रजि.) खलीफा असताना आपल्या चिलखताचा दावा घेऊन काजी शुरैह यांच्यापुढे गेल्याची रिवायत प्रसिद्ध आहे. रायगड जिल्ह्याचा ग्राहक तक्रार निवारण आयोग अलिबागला आहे. कडावहून अलिबागला जाऊन येणे म्हणजे अख्खा दिवस मोडतो, हे खरे. परंतु आता तक्रार ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावर घरून दाखल करता येते आणि व्हिडिओद्वारे सुनावणीची विनंतीही करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली तर काही व्यावसायिक तेवढ्यानेच जागे होतात. जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे: दुकानदार ठाण्याचा असो की पुण्याचा, तक्रार आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यात करता येते. आपण दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच ती ऐकतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यावर कोणतीही फी नाही. वकील देण्याची सक्ती नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मोजताना खिडकी बसवल्याच्या तारखेपासून मोजणे शहाणपणाचे. निकाल तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो, त्याची तयारी ठेवा. आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, रक्कम परत करण्याचा व नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो. आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २५ हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

कर्जत, नेरळ परिसरात इमारतीत तयार सदनिका घेतलेल्यांचा मार्ग थोडा वेगळा आहे. प्रकल्प महारेरात नोंदलेला असेल, तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दाखवून दिलेला बांधकामाचा वा कारागिरीचा दोष बिल्डरने विनामूल्य तीस दिवसांत दुरुस्त करावा, असे रेरा कायद्याच्या १४ व्या कलमात आहे. खिडकीतून येणारे पाणी त्यात येते. तेथे फॅब्रिकेटरला शोधत बसू नका. आपला करार बिल्डरशी आहे.

आपल्या अनेक घरांत पुरुष आखाती देशात आणि घराचे काम पाहणारी स्त्री एकटी असते. कारागीर तिला "साहेब आले की बघू" असे सांगून टोलवतो. तिच्या नावे बिल असेल, पैसे तिने दिले असतील, तर ती स्वतः ग्राहक आहे आणि स्वतः तक्रार करू शकते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. हजरत हिंद (रजि.) यांचा प्रसंग वर आला, तो येथेही लागू आहे.

तक्रार लिहिताना मागणी फुगवू नका. वकिलाने किंवा अर्ज लिहिणाऱ्याने "पाच लाख मागा, म्हणजे पन्नास हजार मिळतील" असे सांगितले तरी त्याला साफ नकार द्या. उम्मे सलमा (रजि.) यांनी सांगितलेल्या हदीसचा आशय लक्षात घ्या: माझ्यासमोर वाद आणताना एखादा दुसऱ्यापेक्षा अधिक बोलका असू शकतो, आणि ऐकलेल्यावरून मी त्याला भावाचा हक्क दिला, तर मी त्याला आगीचा तुकडाच देत आहे. निकाल खुद्द प्रेषितांचा (स.) असला तरी खोट्या मागणीने मिळालेली वस्तू हलाल होत नाही, तर आयोगाच्या शिक्क्याने कशी होईल? खरे नुकसान मोजा: दुरुस्तीचा खर्च, फुगलेला गिलावा, जळालेला बोर्ड, इंजिनिअरची फी, अलिबागच्या फेऱ्यांचा खर्च. त्याच्या पावत्या ठेवा.

आयोगाच्या आदेशात पुष्कळदा दोन गोष्टी आणखी असतात. एक, रकमेवरील व्याज. ते आपले नाही. मिळाले तर सवाबच्या नियतशिवाय गरजूला देऊन टाकावे, असेच बहुतेक मुफ्ती सांगतात. दुसरी, मानसिक त्रासाबद्दलची रक्कम. फिकह अकादमीने २००० मध्ये रियाधच्या बैठकीत करारातील दंडाच्या कलमाविषयी ठराव करताना भरपाई प्रत्यक्ष आर्थिक नुकसानीपुरती ठेवली आणि मानसिक किंवा प्रतिष्ठेच्या हानीला त्यातून वगळले. त्यामुळे ही रक्कम स्वतःकडे ठेवण्यापूर्वी आपल्या मुफ्तींना कागद दाखवून विचारावे. प्रवासखर्च वा बुडालेला रोज यांसारखा खरा खर्च "मानसिक त्रास" या नावाखाली मिळाला असेल, तर तोही त्यांना सांगावा.

कारागीर लहान असेल आणि एकरकमी देण्याची त्याची ऐपत नसेल, तर सूरह बकराच्या २८० व्या आयतीप्रमाणे त्याला मुदत द्यावी. हप्ते ठरवून ते कागदावर घ्यावेत, दोन साक्षीदार ठेवावेत. काहीच माफ करायचे असेल तर किती माफ केले तो आकडाही त्यात लिहावा. शेवटचा हप्ता मिळाला की पोच देऊन हिशेब पुरता झाल्याचे लिहून द्यावे, तक्रार प्रलंबित असेल तर तडजोडीची प्रत आयोगात दाखल करावी, आणि ज्या शेजाऱ्यांना त्याच्या कामाबद्दल सांगितले होते त्यांना त्याने भरपाई केली हेही कळवावे.